नळीतला वारा, चिरेखाणीतले पाणी

कोकणच्या किनाऱ्यावर नौका चालविण्याचे दोनच मार्ग पिढ्यानपिढ्या ठाऊक होते. एक तर वल्ह्याने, आणि पुढे यंत्र आल्यावर पंख्याने, पाणी मागे लोटावयाचे. नाही तर शीड उभारून आयता वारा पदरात घ्यावयाचा. या दोहोंच्या मधला तिसरा मार्ग असा की, वारा नौकेनेच उत्पन्न करावा, आखूड नळीत बसविलेल्या पंख्याने तो मागे फेकावा, आणि पाण्याखाली फिरणारा एकही भाग न ठेवता केवळ त्या प्रतिक्रियेच्या बळावर पुढे सरावे. ज्याला छंदी मंडळी डक्टेड फॅन म्हणतात त्या पंख्याची, रेडिओच्या आज्ञेने चालणारी, दोन फूट लांबीची नौका मिरजोळ्यात बांधावयाची, या एका उद्योगाचा हा वृत्तांत आहे. आरंभीच सांगतो की, शक्तीच्या जमाखर्चात ही नौका उधळी आहे. पाण्यातला पंखा जे काम थोडक्या विजेत करतो त्यासाठी हिला कितीतरी अधिक वीज लागते. तरीही नौका म्हणजे काय, भार आणि तोल म्हणजे काय, हे शिकविण्यात हिची बरोबरी दुसरी कोणतीही प्रतिकृती करू शकत नाही, अशी माझी अनुभवाने पक्की झालेली धारणा आहे.

मिरजोळे रत्नागिरी शहरापासून जवळच. औद्योगिक वसाहत, विमानतळाची धावपट्टी आणि तटरक्षक दलाचे हवाई ठाणे यांमुळे बाहेरच्या माणसाला हे नाव आता ओळखीचे झाले आहे. १९९६ साली स्थापन झालेले फिनोलेक्स अकादमीचे अभियांत्रिकी महाविद्यालयही याच वसाहतीत आहे. पण या सगळ्याच्या बुडाशी आहे तो जांभ्याचा सडा. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या मुलखात सड्यावरच्या कातळात श्रावण-भाद्रपदात घोट्याएवढ्या पाण्याची तळी साचतात, आणि जिथे चिरे काढून खाणी सोडून दिलेल्या आहेत तिथे सरळ कापलेल्या तांबड्या भिंतींच्या आत दिवाळीनंतरही पाणी टिकून राहते. खाणीचे पाणी खोल, स्थिर, वाऱ्यापासून आडोशाचे. सड्यावरचे उथळ, गवताळ, काठावर चिखलाचे. प्रतिकृतीच्या नौकेला ही दोन्ही पाणी हाताशी असावीत हे भाग्यच म्हणावयाचे. पाण्याखालचा पंखा सड्यावरच्या तळ्यात चार वाव जाण्यापूर्वीच गवतात गुंतून बसेल. नळीतल्या पंख्याची नौका तेथून निर्वेध निघून जाते; कारण तिचे बूड पाण्यात सव्वा सेंटिमीटरही शिरत नाही.

हा शेवटचा आकडा हिशेबाने काढता येतो आणि तो प्रत्येकाने स्वतः काढून पाहावा. नौकेची लांबी ६० सेंटिमीटर आणि रुंदी २२ सेंटिमीटर धरली, नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, निमुळती होणारी जागा वजा केली, तर सपाट बुडाचे क्षेत्रफळ सुमारे १,०५० चौरस सेंटिमीटर उरते. सर्व सरंजामासह नौकेचे वजन १,२०० ग्रॅम असेल तर ती तितकेच घन सेंटिमीटर पाणी बाजूस सारणार, म्हणजे जेमतेम ११ ते १२ मिलिमीटर बुडणार. या हिशेबात शंभर ग्रॅमची भर पडली की नौका आणखी एक मिलिमीटर खाली बसते. पाण्यातल्या पंख्याच्या नौकेत शंभर ग्रॅम अधिक झाले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. इथे ते डोळ्यांना दिसते.

दूरनियंत्रित नौकेचा इतिहास विलक्षण प्राचीन आहे, म्हणजे विमानाहूनही जुना. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये भरलेल्या विद्युत प्रदर्शनात निकोला टेस्ला यांनी एका हौदात लोखंडी अंगाची छोटी नौका सोडली आणि तारेचा कसलाही संबंध न ठेवता तिचे सुकाणू, तिची गती आणि तिच्यावरचे दिवे दुरून चालवून दाखविले. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला त्यांना या शोधाचे एकस्व मिळाले. राइट बंधूंचे विमान त्यानंतर पाच वर्षांनी उडाले. माणसाने अदृश्य लहरींच्या द्वारे यंत्राला दिलेल्या आरंभीच्या हुकुमांपैकी एक अशा रीतीने पाण्यावर बजावला गेला, आणि आज शाळकरी मुलाच्या हातात असलेला रिमोट त्या हौदातल्या नौकेचा थेट वंशज आहे.

लहान नौका बांधून मोठीविषयी शिकावयाचे, हा विचारही तितकाच आदरणीय आहे. विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्याने १८७२ साली टॉर्की येथे प्रतिकृती ओढून पाहण्याचा लांब हौद सुरू केला आणि लहान-मोठ्या नौकांच्या लाटांचे परस्परप्रमाण निश्चित केले. ख्रिस्तोफर कॉकरेल यांनी १९५५च्या सुमारास दोन पत्र्याचे डबे एकात एक बसवून त्यांच्या मधल्या फटीतून फुंकणीची हवा सोडली, तिचा दाब वजनाच्या काट्यावर मोजला, आणि त्या डब्यांतून निघालेले हॉवरक्राफ्ट २५ जुलै १९५९ रोजी इंग्लिश खाडी ओलांडून गेले. आपल्याकडे मुंबई इलाख्याच्या सरकारने १९१६ साली पाटबंधाऱ्यांसाठी जो संशोधन विभाग उघडला त्यातूनच खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र वाढीस लागले. तिथे बंदरांच्या प्रतिकृतींत भरती-ओहोटी आणि लाटा उत्पन्न करून धक्के कोठे बांधावेत याचा निर्णय आजही केला जातो. रत्नागिरीत एन. सी. सी.चे नौदल युनिट आहे, आणि नौदल विभागाच्या छात्रांना जहाजांच्या प्रतिकृती बांधण्याचे शिक्षण मिळते. अखिल भारतीय नौसैनिक शिबिरात त्यांच्या स्पर्धाही होतात. तेव्हा मिरजोळ्याच्या एखाद्या घराच्या पडवीत नौकेचे पत्रे कापीत बसलेल्या मुलाला कोणी रिकामटेकडा म्हटले तर मला मनापासून वाईट वाटते.

आता पंख्याकडे वळू, कारण या नौकेचे सगळे गुणदोष तिथून उगवतात. हवा पाण्यापेक्षा आठशे पटींहून विरळ आहे. म्हणून पाण्यातल्या पंख्याइतकीच ओढ, म्हणजे नौकेला पुढे नेणारा जोर, मिळवावयाची तर हवा फार मोठ्या प्रमाणात, किंवा फार मोठ्या वेगाने, मागे फेकावी लागते. बाजारात सहज मिळणारा ६४ मिलिमीटर व्यासाचा पंखा घेतला आणि मधल्या तुंब्याची जागा वजा केली, तर हवेला जाण्यास सुमारे २७ चौरस सेंटिमीटरांचे कंकण उरते. त्यातून ६०० ग्रॅमची ओढ हवी असेल तर हवा सेकंदाला त्रेचाळीस-चव्वेचाळीस मीटर, म्हणजे ताशी दीडशे किलोमीटरांहून अधिक वेगाने बाहेर पडली पाहिजे. ही नुसती हवेला दिलेली शक्तीच १३० वॉटच्या घरात जाते. पात्यांचे घर्षण, मोटरची उष्णता, नळीतील भोवरे यांचा तोटा धरला की बॅटरीतून अडीचशे वॉट निघून जातात. हीच ओढ आठ इंचांच्या उघड्या पंख्याने मिळविली तर हवेला द्यावयाची शक्ती पन्नास-पंचावन्न वॉटांवर येते. मग नळी कशासाठी? उघडा पंखा मोठा, उंच, बोटे कापणारा आणि लहान नौकेच्या अंगावर न मावणारा असतो. नळीतला पंखा आटोपशीर, झाकलेला आणि बेताच्या उंचीवर बसणारा असतो. वारा मोठ्या पंख्याने सावकाश फेकणे शहाणपणाचे, आणि लहान पंख्याने वेगाने फेकणे सोयीचे. सोयीची ही किंमत मोजावयाची की नाही ते बांधणाऱ्याने ठरवावे. मी मोजली, आणि त्याबद्दल मला खेद नाही.

नळीचे काम हवा नुसती कोंडण्याचे नाही. उघड्या पात्याच्या टोकाशी दाबाखालची हवा पुढच्या बाजूला पळून जाते आणि तितके कष्ट वाया जातात. नळीची भिंत त्या टोकाला अर्ध्या मिलिमीटरपर्यंत जवळ आणली की ही गळती थांबते. पण ती अर्ध्या मिलिमीटरची फट सर्व बाजूंनी सारखी असली पाहिजे. नळीला बसविताना स्क्रू एका अंगाने अधिक आवळला तर तिचा गोल किंचित लंबवर्तुळ होतो, पाते एका जागी घासू लागते, आणि मिनिटाला तीस-पस्तीस हजार फेऱ्यांवर ते घासणे म्हणजे पाते तुटून गोळीसारखे बाहेर पडण्याची पूर्वसूचना. म्हणून पंखा बसवून झाल्यावर बॅटरी न जोडता तो बोटाने सावकाश फिरवावा आणि नळीला कान लावून ऐकावे. कोठेही खरखर आली तर सगळे स्क्रू सैल करून पुन्हा आळीपाळीने, थोडे थोडे आवळावे. नळीच्या पुढच्या तोंडाला तुतारीच्या तोंडासारखी बाहेर वळलेली गोल कड लागते. ती नसेल तर स्थिर पाण्यावर उभ्या नौकेच्या पंख्याला तीक्ष्ण काठावरून हवा ओढावी लागते, प्रवाह भिंतीपासून सुटतो, आणि हिशेबातली ओढ हाती येत नाही. पात्यांच्या मागे स्थिर पट्ट्या असतात. गोल फिरत निघालेल्या हवेला त्या सरळ करतात, आणि मोटरच्या उलट्या पिळाने नौका एका अंगाला कलणे त्यामुळे पुष्कळसे टळते.

या पंख्याच्या आवाजाबद्दलही बोलले पाहिजे. पाच पात्यांचा पंखा मिनिटाला पस्तीस हजार फेऱ्या घेतो तेव्हा सेकंदाला सुमारे २,९०० वेळा एखादे पाते पट्टीसमोरून जाते, आणि नेमक्या त्याच कंपनसंख्येच्या आसपास मनुष्याचा कान सर्वाधिक तीक्ष्ण असतो. तेव्हा दुपारच्या वामकुक्षीच्या वेळी घरामागच्या तळ्यात हा प्रयोग करू नये. टिटव्यांनी सड्यावर अंडी घातलेली असताना तर मुळीच करू नये. त्याच सड्यांवर प्राचीन कातळशिल्पेही आहेत. कोकणच्या या शिल्पांचा समावेश २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत झाला. त्यांच्या आसपासचे पाणी आणि पावसाळी वनस्पती खेळासाठी तुडवू नयेत, याबद्दल माझे मत कठोर आहे. खाणीत साचलेले पाणी पुरेसे आहे.

नौकेच्या अंगासाठी काय वापरावे यावर छंदी मंडळींत नाना मते आहेत. मला मात्र एक जुना दाखला आठवतो. मराठेशाहीतल्या रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात आरमाराचे एक प्रकरण आहे. वाऱ्यावाचून निरुपयोगी होणारी अवजड जहाजे न बांधता गुराबा, म्हणजे लढाऊ जहाजे, मध्यम आकाराच्या सजवाव्यात, आणि लाकडासाठी रयतेच्या आंब्या-फणसांना बळाने हात लावू नये, कारण ती झाडे लोकांनी वर्षानुवर्षे लेकरांप्रमाणे जतन केलेली असतात, असा त्यातला आदेश आहे. मला तो दस्तऐवज राज्यकारभाराइतकाच नौकाबांधणीच्या विवेकासाठी वाचनीय वाटतो. मोठे लाकूड न तोडता, गरजेपुरते आणि हलके, हे सूत्र आमच्या दोन फुटी नौकेलाही लागू पडते. रत्नागिरीत बोर्ड रंगविणाऱ्यांच्या दुकानांतून सनबोर्ड नावाचा पीव्हीसीचा फेसाळ पत्रा मिळतो. ३ मिलिमीटर जाडीच्या त्याच्या एका चौरस फुटाचे वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास भरते. बूड, वरचा फळा, दोन बाजू आणि मागची फळी मिळून पावणेचार-चार चौरस फूट पत्रा लागतो, म्हणजे अंगाचे वजन सहाशे ग्रॅमच्या आत राहते. तो सुरीने कापता येतो, रंध्याची गरज पडत नाही, पाण्याने फुगत नाही, आणि नळजोडणीवाले वापरतात त्याच सोल्युशनने त्याचे सांधे पक्के चिकटतात. बाजू बुडाला मिळतात तिथे आतून त्रिकोणी पट्टी द्यावी, सांध्यावर लांबी भरावी आणि पाणपेपराने घासावे.

थर्माकोलचा मोह मात्र आवरावा. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात आज बहुतेक नव्या होड्या फायबरच्या असतात, आणि त्यांच्या दुरुस्तीसाठी लागणारी काचतंतूंची चटई आणि पॉलिएस्टर रेझिन तिथल्या दुकानांतून मुबलक मिळते. थर्माकोलचा गाभा कोरून त्यावर हे रेझिन फासावे असा विचार कोणाच्याही मनात सहज येतो. पण त्या रेझिनमधील स्टायरीन थर्माकोलला विरघळवून टाकते, आणि तासाभरात कोरलेल्या नौकेच्या जागी एक खोलगट, चिकट खड्डा शिल्लक राहतो. त्या गाभ्यावर चालते ते एपॉक्सी. बंदरावरच्या कारागिरांचे हात पाहत काही वेळ उभे राहणे मात्र फार लाभाचे असते. चटई ओली करून तिच्यातली हवा ब्रशाने कशी दाबून काढावी, कोपऱ्यात रेझिन साचू न देता ते कसे पसरावे, हे पुस्तकातून शिकता येत नाही.

सगळ्यांत अवघड भाग आहे तोल. पाण्यातल्या पंख्याचा जोर बुडाच्या खाली लागतो आणि नाळ किंचित उचलतो. हवेच्या पंख्याचा जोर पाण्याच्या वर लागतो आणि नाळ दाबतो. पंख्याचा अक्ष पाण्याच्या पातळीपासून १० सेंटिमीटर उंच असेल आणि ओढ ६०० ग्रॅमची असेल तर हे दाबणे मोडून काढण्यासाठी सबंध नौकेचा गुरुत्वमध्य ५ सेंटिमीटर मागे सरकवावा लागतो. एकट्या १८० ग्रॅमच्या बॅटरीने हे साधावयाचे म्हटले तर ती ३० सेंटिमीटरांहून अधिक मागे न्यावी लागेल, आणि तितकी जागा नौकेत नसते. म्हणून तोलाचा विचार शेवटी करता येत नाही. पहिली रेघ कागदावर मारण्यापूर्वीच पंखा मागे, पण शक्य तितका खाली; बॅटरी मध्याच्या मागे; बूड पुढच्या बाजूस रुंद आणि वर वळलेले, ही तजवीज करून ठेवावी लागते. ज्यांनी ती केली नाही त्यांच्या नौका पहिल्या जोराच्या झटक्याला नाळ पाण्यात खुपसतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

नौका वेगाने का धावते याचेही उत्तर फ्राउडच्या नियमात आहे. ६० सेंटिमीटर लांबीची नौका सेकंदाला सुमारे एक मीटर वेगाने चालली की तिने उठविलेल्या लाटेची लांबी तिच्या स्वतःच्या लांबीइतकी होते, आणि यापुढे जावयाचे तर तिला आपल्याच लाटेचा चढ चढावा लागतो. जड नौका तिथेच अडकते. जिची ओढ वजनाच्या निम्म्याइतकी आहे अशी हलकी, सपाट बुडाची नौका तो चढ ओलांडून पाण्याच्या पृष्ठावर येते आणि मग घसरत धावू लागते. हा क्षण काठावरून स्पष्ट ओळखता येतो: मागचा फेस एकाएकी लांब होतो, नाळ खाली येते, पंख्याचा स्वर तोच राहूनही वेग वाढतो.

विजेच्या सरंजामाबद्दल थोडक्यात. तीन पेशींची, ११.१ व्होल्टची, २,२०० मिलिअँपिअर-तासांची लिथियम बॅटरी पूर्ण जोरावर पाच मिनिटे पुरते; पण कोणतीही पेशी ३.३ व्होल्टच्या खाली उतरू द्यावयाची नसल्यामुळे चार मिनिटांनी नौका परत आणावी. ४० अँपिअरचा वेगनियंत्रक, सुकाणू फिरविण्यासाठी सर्व्हो नावाची एक छोटी मोटर, आणि रिमोटचा संदेश घेणारा, २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा ग्राहक, एवढे पुरे. या पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना आपल्या देशात २००५ सालापासून परवान्याची गरज नाही. या लहरींना पाणी शोषून घेते. म्हणून ग्राहकाची तार नौकेच्या आत न दडविता वरच्या फळ्याच्या वर उभी ठेवावी, आणि संदेश तुटताच पंखा आपोआप थांबेल अशी नोंद ग्राहकात आधीच करून ठेवावी. विमानतळ जवळ असलेल्या गावात ही सावधगिरी सौजन्याचीही आहे.

सुकाणू हवेत असते, पाण्यात नव्हे. नळीच्या मागे उभी एक पातळ फळी. हवा तिच्यावरून वेगाने जात आहे तोवर नौका अचूक वळते, आणि पंखा थांबला की सुकाणू जवळजवळ निष्प्राण होते. काठ जवळ आला म्हणून घाबरून जोर कमी करणे ही नवशिक्याची स्वाभाविक प्रवृत्ती असते, आणि तीच नौकेला सरळ भिंतीवर नेते; वळताना जोर थोडा वाढवावा लागतो, आणि हे हाताला कळेपर्यंत जांभ्याचे ओरखडे नाळेवर उमटतातच. मागे हटण्याची सोय नाही. थांबण्याची म्हणावी तर पाण्याच्या घर्षणाचीच.

खाणीत नौका मध्येच बंद पडली तर ती आणण्यासाठी कोणीही पाण्यात उतरू नये, मुलांनी तर नाहीच. चिरेखाणीचा काठ उतरता नसतो. एका पावलात माणूस डोक्यावर पाण्यात जातो आणि सरळ भिंतीला धरावयास काही सापडत नाही. गळाच्या दोरीला लाकडाचा हलका तुकडा बांधून तो नौकेपलीकडे फेकावा आणि सावकाश ओढावा. वारा असेल तर खाणीत नौका आपोआप एका कोपऱ्याला लागते, तितकी वाट पाहणे अधिक श्रेयस्कर. घरी आल्यावर नळीतले गवत काढावे, आणि रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीसारख्या खाऱ्या पाण्यावर गेलो असू तर मोटरचे बेअरिंग गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, तेलाचा एक थेंब द्यावा. मिठाने तिथे दोन दिवसांत गंज धरतो.

यंदाच्या हिवाळ्यात हीच नौका भाट्याच्या खाडीत, ओहोटीच्या चिखलकाठाने चालविण्याचा बेत आहे, आणि त्यासाठी एका पंख्याऐवजी ५० मिलिमीटरचे दोन पंखे शेजारी शेजारी बसवावयाचे ठरले आहे. त्यांचे एकत्र क्षेत्रफळ ६४ मिलिमीटरच्या एका पंख्याहून थोडे अधिक भरते, तेव्हा विजेचा खर्च वाढत नाही. डावा मंद करून उजव्याचा जोर वाढविला की नौका डावीकडे वळते, तेव्हा हवेतल्या सुकाणूचा आणि त्याच्या सर्व्होचा खर्च वाचतो. उलट दोन वेगनियंत्रक लागतात आणि रिमोटमध्ये दोन्ही आज्ञांचे मिश्रण बसवावे लागते. वजन पन्नास-साठ ग्रॅमने वाढेल, म्हणजे नौका अर्धा मिलिमीटर अधिक बुडेल. तेवढे वजन वरच्या फळ्याला गोल खिडक्या कापून काढून घेता येईल असा अंदाज आहे, आणि त्या खिडक्यांवर पतंगाचा कागद ताणून बसवावयाचा की प्लास्टिकची पातळ फिल्म, एवढेच तूर्त ठरावयाचे आहे.